एका तासात भरणारी गाडी

पाथर्डीकडे कोणी हवा खायला जात नाही. जातात ते नातेवाइकांकडे, नाहीतर देवाला. मी माहेरी गेले होते. माझं माहेर खडकवाडी. तिसगावच्या पुढे एक फाटा लागतो, तिथून आत नऊ किलोमीटर. नागापूरहून एस.टी. आणि जीप करून गेलं तर माणूस अर्ध्या दिवसात पोचतं. आम्हाला सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वेळ लागला, कारण आम्ही माझ्या जावयाने स्वतः केलेल्या बॅटरीच्या गाडीतून गेलो. ज्यांनी अशी गाडी पाहिली नाही आणि आमचा तो भागही पाहिला नाही, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी गाडीचं सांगते. माझा जावई सुदाम नागापूरच्या एमआयडीसीत मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत तांब्याची नवीन तार गुंडाळायचा. हात चांगला, डोकं हट्टी. बंद पडलेल्या एका कारखान्यातून त्याने माल उचलायच्या गाडीची मोटार आणली. एका भंगार कारचं इंजिन काढून तिथे ती बसवली. कारचा मागचा भाग कापून टेम्पोसारख्या फळ्या टाकल्या आणि फळ्यांखाली ट्रकच्या आठ बॅटऱ्या ठेवल्या. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. या कामापायी दोन वर्षं गेली आणि नोकरीही गेली.

माझी लेक लता दोन वर्षं काही बोलली नाही. मग एक दिवस बोलली. खडकवाडीच्या दूध सोसायटीने गाडी घेतली तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात घालायची आणि पुण्याला मोटारी भरायच्या दुकानात कामाला लागायचं. सुदामने मान हलवली. सोसायटीचे चेअरमन तात्या माझ्या गावचे, त्यांच्याकडे शब्द मी टाकला होता. गावातलं दूध फाट्यावर न्यायला जी जीप होती, तिचा मालक लग्नाचं भाडं मिळालं की दांडी मारायचा आणि दूध नासायचं. तात्यांनी सुदामला विचारलं होतं, बॅटरी संपली तर? सुदामने सांगून टाकलं, एका तासात भरते. घरच्या छोट्या चार्जरवर तिला दहा तास लागत हे मला माहीत होतं. एका तासाचा चार्जर तो अजून करत होता.

शुक्रवार: नागापूर ते करंजी

थंडीचे दिवस होते. सातला निघालो. गाडीत बसायला पुढच्या दोनच जागा. आमच्यात सासू जावयाच्या खांद्याला खांदा लावून बसत नाही. मी भाकरीची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली आणि पदर नीट केला. सुदाम म्हणाला, "मामी, गिअर टाकायला अडचण होते." भिंगारपर्यंत मी दम धरला, मग पिशवी पायाशी घेतली.

बिनआवाजाच्या गाडीची एक अडचण असते, ती घरात कळत नाही. रस्त्यावर कोणी बाजूला होत नाही. भिंगारमध्ये एक म्हातारा आमच्या पुढे रस्त्याच्या मधोमध चालत होता. हॉर्न वाजवला तेव्हा तो दचकला, वळला आणि सुदामला म्हणाला, "मागनं काय चोरावानी येतो?"

भिंगार मागे पडलं की रान मोकळं होतं. मेहेकरीच्या आसपास ज्वारी निसवली होती, कणसं दुधात होती. शहरात राहून माणूस ज्वारी पोत्यात पाहतं. शेतात पाहिली की पोटात बरं वाटतं. पुढे डोंगर जवळ यायला लागले आणि गाडी दमायला लागली. चढावर डोक्यावर सरपण घेतलेली एक बाई आमच्या बरोबरीने चालत होती. ती पुढेही जाईना आणि मागेही राहीना.

"आजारी हाय का गाडी?" तिने विचारलं.

"न्हाई, म्हातारी हाय," मी म्हटलं.

"मग तुमी तरी उतरा की, तेवढंच वझं कमी."

मी उतरले नाही. पण काट्याकडे पाहिलं तर तो लाल रंगापाशी आला होता. सपाट रस्त्यावर चाळीस किलोमीटर जाणारी गाडी चढावर त्यातलं किती खाते, हे सुदामने धरलंच नव्हतं. कसाबसा घाटमाथा आला. तिथून पलीकडे करंजीपर्यंत उतार. सुदामने मोटार बंद केली आणि गाडी नुसती घरंगळत सोडली. वळणावर वळण, खाली शेतांचे तुकडे, थंड वारा. त्या चार दिवसांत गाडीने मला दिलेलं सगळ्यात मोठं सुख ते होतं, आणि ते फुकट होतं.

करंजीत रस्त्याला लागून बाबूभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. नांगराचे फाळ, ट्रॉल्यांचे साटे, बंगल्यांची गेटं, सगळं तिथे जोडतात. वेल्डिंगला लागते तशी जोरकस थ्री फेज वीज सुदामला हवी होती. बाबूभाई साठीचे, मेंदी लावलेली दाढी. सुदामने गाडीतून लोखंडी पेटी उतरवली. हाच त्याचा नवा चार्जर.

"कितना टाइम?" बाबूभाईंनी विचारलं. मग माझ्याकडे बघून मराठीत आले. "आज जुम्मा हाय, बाई. एक वाजता मी दुकान बंद करनार. नमाज कोनासाठी थांबत नाय."

"तासभर पुरे," सुदाम म्हणाला.

तारा जोडल्या, खटका दाबला. पेटी घुमायला लागली. सुदाम खूश होता. पाव तास गेला असेल, तोच फळ्यांखालून आमटीला कढ यावा तसा आवाज यायला लागला. मग वास आला, सडक्या अंड्याचा. मी बॅटरीला हात लावून पाहिला, तव्यासारखी तापली होती.

नांगर जोडायला आलेला एक शेतकरी गंमत बघत उभा होता. त्याने विडी तोंडात धरली आणि काडी काढली. सुदामने झेप घेऊन त्याच्या हातातली काडी पाडली.

"काका, इथं विडी नको. ह्यातून निघणारा गॅस पेटतो. स्फोट होईल."

"पेटतो व्हय?" तो म्हणाला. "मंग चूल कशाला पेटवायची? ह्याच्यावरच भाकरी भाजायची."

पस्तीस वर्षं मी विड्या वळल्या, पण विडीला एवढं घाबरलेलं माणूस पाहिलं नव्हतं. त्यावरून आठवलं ते मी सुदामला सांगितलं. विडीचं पान वाळलेलं येतं. ते पाण्यात बुडवून ओल्या गोणपाटात रात्रभर बांधून ठेवायचं. सकाळी मऊ होतं, मग कात्री लावायची. नवीन बायका घाई करतात, गरम पाणी ओततात. वरून पान ओलं दिसतं, आत कोरडंच असतं, आणि वळताना फाटतं. पाणी जास्त ओतलं म्हणून पान जास्त पीत नाही. ते त्याच्या चालीने पितं.

"मामी, पान वेगळं, बॅटरी वेगळी," सुदाम म्हणाला.

जावयाला एकदा सांगावं, दुसऱ्यांदा सांगू नये, अशी आमच्याकडची रीत.

पाऊणला काटा भरल्याचं दाखवायला लागला. बाबूभाई टोपी घालून निघाले होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, तापलेल्या बॅटऱ्यांकडे पाहिलं. "मिस्त्री, माझ्याकडं ट्रॉलीवर ऊस भरून येतात," ते म्हणाले. "वरून शीग दिसते, मधी पोकळ. काटा भरला, पन माल भरला का?"

शुक्रवार दुपार: करंजी ते खडकवाडी

माल भरला नव्हता. तिसगावला पोचेपर्यंत काटा निम्म्याच्या खाली. फाट्यावरून आत वळलो आणि दोन किलोमीटरवर गाडी थांबली. सुदाम खाली उतरून बॅटऱ्यांना हात लावत राहिला. मी लिंबाखाली बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, त्यालाही दिला. सायकलवरून जाणाऱ्या एकाकडे माझ्या भावाला निरोप धाडला.

ऊन कलल्यावर रंगनाथ, माझा धाकटा भाऊ, बैलजोडी घेऊन आला. आल्याआल्या त्याने मला "जयभीम, आक्का" केलं आणि सुदामपुढे हात जोडले.

"जावईबापू, तुमी आतच बसा. उतरायचं न्हाई."

"अहो मामा, गाडी हलकी तरी होईल."

"गावात जावई चालत आला, तर मला काय म्हन्तील?"

तर असे आम्ही गावात गेलो. पुढे बैल, मागे दोराने बांधलेली बिनपेट्रोलची गाडी, आत स्टेअरिंग धरून मान खाली घातलेला जावई. मी चालत होते. मुलीच्या आईने चालायला कोणाची हरकत नव्हती.

शनिवार: खडकवाडी

हिवाळ्यात खडकवाडी निम्मी रिकामी असते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमधून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. दारांना कुलपं, काही दारांना नुसत्या काट्या लावलेल्या. मागे राहतात म्हातारी माणसं आणि गाई. त्या गाईंवर गाव चालतं. गंमत अशी की घरोघर गाई असून चहा कोरा मिळतो, गुळाचा. दूध सगळं सोसायटीत जातं. नागापूरला आम्ही पिशवीतलं दूध आणून दुधाचा चहा पितो आणि जिथून ते दूध येतं तिथे चहा काळा. सुदामला मात्र दुधाचा मिळाला. रंगनाथची बायको शांता त्याच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवत होती.

आणखी एक सांगायचं. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीवरचं दूध गावात कोणी घेत नसे. आता सोसायटीत सगळ्यांचं एकाच कॅनमध्ये पडतं. कोणी काही बोलत नाही. आमचा जावई सगळ्या गावाचा जावई, हा मानही नवीनच आहे. जुनी माणसं तो जरा जास्तच जपून देतात.

सकाळी शेतात हुरडा झाला. शेणींच्या निखाऱ्यांत कणसं भाजून रंगनाथने हातावर चोळून दिली. दाणे हिरवे, गोड, जिभेला चटका देणारे. सोबत लसणाची चटणी. पोट भरलं तरी हात थांबत नव्हता. सुदामने दोन मुठी खाल्ल्या आणि उठला. त्याचं लक्ष नव्हतं. दुपारी तात्या येणार होते, एका तासात गाडी भरते ते बघायला. आणि रविवारी सकाळी दूध न्यायचं होतं.

रात्रीच बरोबर आणलेल्या छोट्या चार्जरवर लावा, असं मी आदल्या दिवशी म्हटलं होतं. पण आलो तेव्हा वीज नव्हती, आणि वीज आल्यावर सुदामने तो लावला नाही. तात्यांना रिकामी गाडी दाखवायची आणि डोळ्यांदेखत भरायची, हे त्याने मनाशी ठरवलं होतं.

शेताला पाणी द्यायची थ्री फेज वीज दुपारी यायची. रंगनाथ सकाळीच गावभर सांगून आला होता. त्याने काय सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. जावयाच्या गाडीला करंट लागणार, तवा मोटारी लावू नका, गिरणी बंद ठेवा. सुदामने हे मागितलं नव्हतं. त्याने नुसतं विचारलं होतं, वीज पुरेल का? आमच्या गावात जावयाला "न्हाई पुरायची" असं कोणी म्हणणार नाही. पुरेल म्हणतील, आणि मग आपलं बंद करून पुरवतील.

दोन वाजता तात्या आले. पांढरं धोतर, अंगात स्वेटर, बोलणं कमी. चावडीपुढे गाडीभोवती पंधरावीस माणसं जमली. गिरणीच्या पायरीवर एक म्हातारी बाजरीचं डबडं घेऊन बसलेली होती.

सुदामने पेटी जोडली. थोडा वेळ बरं चाललं. मग गावची वीज कमी पडायला लागली. करंजीचा करंट वेगळा, खेड्याच्या टोकाचा वेगळा. तो मैलोगणती बारीक तारांवरून दमत येतो. काटा वर जाईना म्हणून सुदामने पेटीचं बटण पुढे फिरवलं. पुन्हा वास, पुन्हा आमटीचा कढ. मी म्हटलं, "पुरे करा." त्याने आणखी फिरवलं.

गावाबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर मोठा आवाज झाला आणि पेटी मुकी झाली. गावची वीज गेली होती. त्याच वेळी फळ्यांखाली काहीतरी कडकन वाजलं. पाहिलं तर एका बॅटरीचं पोट फुगून चिरलं होतं आणि ॲसिड गळत होतं. ते पुसताना माझ्या लुगड्यावर चार थेंब उडाले. तेव्हा काही दिसलं नाही. घरी येऊन धुतलं तेव्हा तिथे भोकं पडली.

मला वाटलं होतं, आता बोलणी बसतील. गव्हाला पाणी द्यायचं होतं, दळणं अडली होती. कोणी सुदामला बोल लावला नाही.

"डीपीच जुनी हाय," एक जण म्हणाला.

"कालच खरखर करत हुती," दुसरा म्हणाला. ते खोटं होतं.

म्हातारी डबडं उचलून उठली. "असू द्या जावईबापू. दळान काय, उद्या दळू." तिच्या घरात रात्रीला पीठ नव्हतं. शांताने तिला आपल्यातलं दिलं.

तात्या तेवढे बोलले. "एक तासात भरती म्हन्ले हुते," इतकंच. मग, "बघू उद्या," म्हणून गेले.

कोणीतरी सुदामसाठी दुधाचा चहा घेऊन आलं. त्याने कप तसाच खाली ठेवला. तो उठून गोठ्यामागे जाऊन बसला. रंगनाथ वायरमनला आणायला तिसगावला गेला होता. मी सुदामच्या मागे गेले. रीत मोडायची होती, आणि ती चारचौघांत मोडायची नव्हती.

"हे लोक तुम्हाला बोलणार नाहीत," मी म्हटलं. "म्हणून मी बोलते. तुम्ही यांचं पाणी तोडलं, पीठ तोडलं. का? एक तास म्हणालात म्हणून."

"मोटार ऐकते, मामी," तो म्हणाला. "मोटारीला जाड तार भरली की जास्त करंट घेते. मी आयुष्यभर तेच केलं. मला वाटलं, चार्जर मोठा केला की झालं. ही बॅटरी घेतच नाही. निम्मी भरेपर्यंत घेते, पुढे नुसती तापते."

"मग हे तात्यांना सांगा."

"सांगितलं तर गाडी भंगारात."

"नाही सांगितलं तर गाव भंगारात."

गाय त्याच्या डोक्यामागे रवंथ करत होती. मग तो म्हणाला, "फुटलेली काढून सातांवर चालेल. जरा हळू."

"हळू चालू द्या."

संध्याकाळी वायरमन आला, डीपीत तार बसवली, वीज आली. सुदामने फुटलेली बॅटरी काढली, गाडी ढकलत रंगनाथच्या दारात आणली आणि मोठी पेटी गोठ्यात नेऊन ठेवली. रंगनाथच्या घरातून छोटा चार्जर लावला. तो जेमतेम एका इस्त्रीइतकी वीज खातो. घरातला दिवा थोडा पिवळा झाला, एवढंच. शांताने शेंगोळे केले होते, कुळथाच्या पिठाचे, लसूण घातलेले, वाफाळते. सुदामला पाटावर बसवून वेगळं ताट वाढलं. तो खाली मान घालून तीनदा मागून जेवला. मी जेवून झोपले.

रविवार: खडकवाडी ते फाटा

सकाळी बॅटऱ्या हाताला कोमट लागल्या. आवाज नाही, वास नाही.

सोसायटीत दूध मोजून झालं, चार कॅन भरले. सुदामने एका कॅनला हात घातला तर दोघांनी तो धरला. "जावईबापू, तुमी ऱ्हाऊ द्या." त्याने सोडला नाही. तिघांनी मिळून तो कॅन चढवला, एकट्याने सहज चढला असता. तात्या पुढे बसले. मी मागे कॅनच्या मध्ये. कोणी बोलावलं नव्हतं, पण शब्द माझा होता.

आठ वाजता डेअरीची गाडी फाट्यावर येते आणि कोणाची वाट बघत नाही. नऊ किलोमीटर कच्चा रस्ता. गाडी बैलगाडीपेक्षा जोरात आणि जीपपेक्षा हळू चालली होती. दूध कॅनमध्ये डुचमळत होतं, तेवढाच आवाज. एका शेतात बाई गाणं म्हणत पाणी धरत होती, ते सगळं ऐकू आलं. जीपमध्ये ते ऐकू येत नाही.

फाट्याच्या अलीकडे ओढा आहे. ओढ्यातून वर येताना गाडी अडली. सुदामने दाबलं, मोटार घुमली, चाक हलेना. तात्या उतरले. मीही उतरले. तात्यांनी धोतराचा सोगा खोवला आणि मागून खांदा लावला. सत्तरीचा चेअरमन. मग मीही लावला. गाडी हलली.

डेअरीची गाडी उभी होती. तपासणाऱ्याने कॅन उघडून वास घेतला, नळी बुडवली, मान हलवली. दूध पास झालं.

परतताना तात्यांनी रिकामी गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबवायला लावली.

"आता समजा," ते म्हणाले, "घरी गेलो आन् लगेच परत याचं म्हन्लं. यील का?"

मी मागे बसले होते. सुदामची मान दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"तास भरल्यावर?"

"नाही. निम्मी भरेल, आणि बॅटरी मरेल. तुम्हाला मी खोटं बोललो, तात्या. तेव्हा खोटं वाटत नव्हतं. दहा तास उभी राहिली पाहिजे, शांतपणे. त्याच्या आत नाही."

तात्यांनी तंबाखू काढली, चोळली. "दहा तास," म्हणाले. मग बोटं मोजायला लागले. "सकाळी नवाला घरी. संध्याकाळी सातला दूध. मधी दहा व्हतात. मग रातभर." तंबाखू तोंडात टाकली. "गाई बी दोनदाच देत्यात. त्यांना तासात भर म्हन्लं तर लाथ घालत्यात."

सुदाम हसला नाही. "वीज गेली तर दहाचे बारा होतील," तो म्हणाला. "पावसात हा ओढा जमायचा नाही. आणि मधेच कोणाला साप चावला, कोणी बाई अडली, तर ही गाडी कामाची नाही. तेव्हा जीपच बोलवा."

"ते आमाला कळतं," तात्या म्हणाले. "दूध नासू नये एवढंच हवं. एक महिना ठेवा. पन गाडीसंगं तुमी ऱ्हायचं. मोडली तर आमी कुनाकडं जायाचं?"

रविवार दुपार आणि सोमवार

घरी हे सांगितलं तेव्हा शांताने कपाळाला हात लावला. सुदाम बाहेर होता.

"वन्सं, महिनाभर जावई! मी रोज पुरन कुठनं आनू?"

रंगनाथलाही अवघड झालं. जावयाने सासुरवाडीला दोन दिवस राहावं, फार तर पाच. महिनाभर राहून दूध वाहिलं, तर लोक त्याला घरजावई म्हणतात आणि भावाला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

"पुरण बंद कर," मी म्हटलं. "पाट काढून ठेव. वेगळं दूध काढू नको, तुम्ही पिता तो कोरा चहा त्याला दे. तो इथं जावई म्हणून राहत नाही, सोसायटीचा माणूस म्हणून राहतो. तुम्ही त्याला जावई म्हणत राहिलात तर त्याची गाडी बिघडली तरी कोणी सांगणार नाही. शनिवारी पाहिलंस ना?"

शांता म्हणाली, "तुमचं काय जातंय. माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

रात्री तिने त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. भाकरी आणि मेथीची भाजी. सुदामने वर पाहिलं आणि कांदा मागून घेतला.

मला घरी जायचं होतं. सुदाम म्हणाला, "लताला तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

त्याने विचार केला. "सांगा, गाडी भंगारात घातली नाही. पण मी म्हणत होतो तशी ती नाही."

सोमवारी सकाळी तिसगावची जीप चावडीपुढून सुटायची होती. आत सोळा माणसं, टपावर दोन. मी ड्रायव्हरच्या शेजारी जागा धरून बसले होते. समोर सोसायटीच्या ओट्यावर कॅन भरून ठेवलेले होते आणि बॅटरीची गाडी अजून आली नव्हती. उशीर दहा मिनिटांचा असेल. रंगनाथच्या घराकडून ती वळणावर दिसली, आवाज न करता, सुदाम एका हाताने मफलर गुंडाळतो आहे.

तात्या ओट्यावरून ओरडले. सगळ्या गावाने ऐकलं.

"सुदाम, साडेसहा म्हंजी साडेसहा. दूध काय तुजी वाट बघत बसनार हाय? उतर खाली, उचल कॅन."

"आलो, तात्या," सुदाम म्हणाला, आणि एकट्याने कॅन उचलला. कोणी मदतीला धावलं नाही.

ड्रायव्हरने मला विचारलं, "तुमचे जावई ना हे?"

मी म्हटलं, "सोसायटीचा ड्रायव्हर आहे. चला."